कामाच्या ठिकाणी सीसीटीव्ही: आधी कागद, मग ड्रिल

नागपुरात दुकानात, कारखान्यात, दवाखान्यात कॅमेरे बसतात तो क्रम बहुतेक वेळा सारखाच असतो. गल्ल्यात फरक येतो किंवा गोडाऊनमधून माल जातो. मालक ओळखीच्या डीलरला फोन लावतो. आठ कॅमेऱ्यांचं पॅकेज ठरतं, सुटीच्या दिवशी पोरगा शिडी घेऊन येतो आणि वायर जिथे सोपी पडेल तिथे कॅमेरा लागतो. दुसऱ्या दिवशी कामावर आलेली माणसं वर बघतात आणि गप्प राहतात. कुरबुर नंतर सुरू होते: डबा खातानाही आमच्यावर नजर का, चेंजिंग रूमच्या दारावर कॅमेरा कशाला, मालकाचा मेहुणा मोबाइलवर काय बघत बसतो?

हे सगळे प्रश्न ड्रिल चालवण्याआधी सुटू शकतात, तेही दोन-तीन पानांच्या कागदावर. खालचा क्रम साधारण पाच ते शंभर माणसांच्या आस्थापनेसाठी आहे. सीताबर्डीवरचं कापडाचं दुकान असो, इतवारीतली सराफी पेढी असो की बुटीबोरी-हिंगण्यातलं युनिट, पायऱ्या त्याच राहतात.

तयारी: काय हाताशी हवं

जागेचा हाताने काढलेला नकाशा पुरतो. त्यावर दारं, गल्ला, मशीन, स्टोअर, स्वच्छतागृह, कपडे बदलायची जागा, जेवायची जागा आणि पूजेची किंवा नमाजाची जागा असेल तर तीही दाखवा. गेल्या वर्षभरात खरोखर काय झालं याची यादी करा: चोरी, अपघात, मारामारी, ग्राहकाशी वाद. ऐकीव भीती या यादीत धरू नका. जागेत कोण-कोण असतं तेही लिहा. पगारावरचे लोक, कंत्राटदाराचे मजूर, सफाईवाल्या ताई, माल आणणारे ड्रायव्हर, ग्राहक. कॅमेरा सगळ्यांनाच टिपतो आणि कायद्याच्या नजरेत या सगळ्यांचं मालकाशी नातं एकसारखं नाही.

१. प्रत्येक कॅमेऱ्याचं कारण लिहा

एका वहीत चार रकाने आखा: कॅमेरा क्रमांक, जागा, कारण, हेच काम कॅमेऱ्याशिवाय होईल का. चौथा रकाना लोक गाळतात आणि खरा हिशेब तिथेच असतो.

गोडाऊनमधून माल जातोय? आधी बघा, किल्ली किती जणांकडे आहे आणि आवक-जावक रजिस्टर रोज भरलं जातं का. कळमन्याच्या बाजारात मिरचीच्या गोडाऊनमध्ये कॅमेरा लावला तर महिन्याभरात लेन्सवर लाल थर बसतो. तिथे दुहेरी कुलूप आणि वजनाची पावती जास्त कामाची. सराफी कारखान्यात कारागिराच्या बाकावर कॅमेऱ्याला कारण आहे, कारण तिथे ग्रॅमचा हिशेब असतो. पण तोच कॅमेरा कारागीर झोपतात त्या माळ्यावर नेला की ते कारण संपलं.

‘कामगारांवर लक्ष ठेवण्यासाठी’ हे कारण वहीत लिहू नका. ते इतकं मोघम आहे की त्यात काहीही बसतं आणि वाद झाला की ते तुमच्याच विरोधात वाचलं जातं. ‘पॅकिंग टेबलवरून पेट्या कमी निघतात, तपासासाठी’ असं नेमकं लिहा.

कायद्याचा आधार इथेच समजून घ्या. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आपल्या नागपूरचे न्या. शरद बोबडे त्या पीठावर होते. तो निकाल मुख्यतः सरकारला बांधतो, पण त्यातली कसोटी मालकालाही उपयोगी आहे: हेतू रास्त आहे का, आणि उपाय त्या हेतूच्या मापाचा आहे का. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ७ नुसार नोकरीच्या कामासाठी किंवा मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरता येते. अनेक सल्लागार इथेच थांबतात आणि ‘संमती लागत नाही, लावा कॅमेरे’ म्हणतात. पण ही सूट त्या हेतूपुरतीच आहे आणि माहिती सांभाळण्याची, काम झाल्यावर पुसण्याची जबाबदारी तिच्यातून सुटत नाही. ग्राहक आणि ड्रायव्हर तर या सूटीत येतच नाहीत. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. म्हणजे घर आवरायला वेळ आहे, पण फार नाही.

तपासणी: वहीत कारण लिहिता न आलेला कॅमेरा ऑर्डरमधून काढा. आठचं पॅकेज पाचवर येतं, असं बऱ्याच ठिकाणी दिसेल.

२. जागा आणि कोन

काही जागांवर चर्चाच नको: स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली, ट्रायल रूम, स्तनदा मातांची खोली, दवाखान्यातली तपासणीची जागा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ प्रमाणे एखादी स्त्री खासगी कृतीत असताना, जिथे कोणी बघणार नाही अशी तिची अपेक्षा असते, तिथे तिला बघणं किंवा तिचं चित्रण करणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं, पुन्हा केल्यास तीन ते सात वर्षं कैद. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई खासगी अवयवांच्या चित्रणाबद्दल आहे आणि ते पुरुषांनाही लागू होतं. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘चोरी थांबवायला लावला होता’ म्हणून यातून सुटका होत नाही.

घोळ होतो तो काठावरच्या जागांत. ट्रायल रूममध्ये कॅमेरा नाही, पण बाहेरच्या कॅमेऱ्याला अर्धवट उघड्या पडद्याच्या फटीतून आतला आरसा दिसतो. स्वच्छतागृहाच्या बोळात कॅमेरा आहे आणि कोण किती वेळा, किती मिनिटं आत गेलं हे स्क्रीनवर मोजता येतं. सावजी भोजनालयाच्या भटारखान्यात गॅसच्या सुरक्षेसाठी लावलेला कॅमेरा शेजारच्या कोपऱ्यात बनियनवर बसलेल्या आचाऱ्यालाही टिपतो. (शिवाय मसाला कसा वाटतात हेही टिपतो. ॲप ज्याच्या मोबाइलमध्ये आहे, त्याच्याकडे घराण्याचं गुपितही आहे, हे मालकांच्या लक्षात येत नाही.)

उपाय सोपे आहेत. कॅमेरा माणसाच्या पाठीमागून, वस्तूकडे तोंड करून लावा. गल्ल्यावर तो हात आणि नोटा दिसतील असा उंचावरून सरळ खाली असू द्या, कॅशिअरच्या चेहऱ्यावर दिवसभर रोखलेला नको. बहुतेक डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा खोका) प्रायव्हसी मास्कची सोय असते. चित्राचा नको तो भाग काळ्या चौकोनाने झाकता येतो आणि तो भाग रेकॉर्डच होत नाही. बसवणारा हे स्वतःहून करत नाही, त्याला सांगावं लागतं. शेजाऱ्याचं दार आणि समोरच्या घराची खिडकीही याच सोयीने झाका.

जेवायच्या जागेबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तिथे कॅमेरा नको. कायदा तिचं नाव घेऊन मनाई करत नाही, तरीही नको. दिवसातली ती अर्धी घटिका माणसाला मोकळी मिळाली नाही, तर जेवण जिन्यात किंवा गच्चीवर होतं आणि मालकाबद्दलचं बोलणंही तिथेच होतं.

तपासणी: सगळे कॅमेरे चालू करून, दारं अर्धी उघडी ठेवून, एका महिला कर्मचाऱ्याला सोबत घेऊन प्रत्येक चित्र स्क्रीनवर बघा. दिवसा एकदा आणि रात्री दिवे लावून एकदा. रात्री काचेत आणि आरशात वेगळंच दिसतं.

३. आवाज बंद

आजकालच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत माइक असतो आणि तो चालू स्थितीतच येतो. चोरीच्या तपासाला चित्र पुरतं. आवाज घेतला की त्यात घरचे फोन, आजारपण, पगाराची चर्चा, युनियनचं बोलणं सगळं येतं आणि ‘नेमकं कारण’ हा तुमचा पहिल्या पायरीवरचा आधार निसटतो. प्रत्येक चॅनलच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑडिओ बंद करा आणि मग एक क्लिप वाजवून खात्री करा. डीलरने ‘बंद आहे’ म्हटल्यावर विश्वास ठेवू नका.

४. माणसांना आधी सांगा

क्रम महत्त्वाचा: सांगणं बसवण्याच्या आधी. आठवडाभर आधी सगळ्यांना एकत्र बोलवा, वही दाखवा, नकाशा दाखवा आणि ऐका. कोणता कॅमेरा कुठे नको हे कामगारांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं, कारण त्या जागेत दिवस तेच काढतात. कारखान्यात मान्यताप्राप्त युनियन असेल तर तिला लेखी द्या. कंत्राटी मजुरांना कंत्राटदारामार्फत निरोप धाडून चालणार नाही, त्यांनाही त्याच बैठकीत बसवा.

मग पाटी. ‘आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात’ ही बाजारातली तयार पाटी धमकीसारखी वाचते आणि सांगत काहीच नाही. तिच्याऐवजी असं काही लावा:

*या आवारात दोन्ही दारं, गल्ला आणि माल चढवण्याची जागा येथे सीसीटीव्ही चालू आहे. उद्देश: चोरी व अपघात यांचा तपास. आवाज रेकॉर्ड होत नाही. कपडे बदलण्याची खोली, स्वच्छतागृह आणि जेवणाची जागा येथे कॅमेरा नाही. रेकॉर्डिंग ३० दिवसांनी आपोआप पुसले जाते. तक्रार किंवा विचारणा: व्यवस्थापक, (नाव व फोन).*

मराठीत लावा, सोबत हिंदीत. बुटीबोरीत ओडिशा-बिहारचे, इतवारीत बंगालचे कारागीर असतील तर त्यांना वाचून दाखवा आणि वाचून दाखवल्याची तारीख वहीत टाका.

सावधान: नेमणूक पत्रात ‘मला सर्व प्रकारची देखरेख मान्य आहे’ असं वाक्य घालून सही घेणं म्हणजे संमती नव्हे. नोकरी हवी असलेला माणूस कशावरही सही करतो. त्या एका ओळीपेक्षा दोन परिच्छेदांचं स्पष्ट धोरण आणि ते मिळाल्याची पोच जास्त टिकते.

५. बसवणे: इथे तांत्रिक चुका सर्वाधिक

पासवर्डपासून सुरुवात करा. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं महिला रुग्णांच्या तपासणीचं फुटेज बाहेर फुटलं आणि इंटरनेटवर विकलं गेलं. धंतोली-रामदासपेठेतल्या प्रत्येक डॉक्टरने त्या बातमीनंतर आपला डीव्हीआर उघडून बघायला हवा होता. तिथे दोन प्रश्न होते: मुळात तपासणीच्या खोलीत कॅमेरा का, आणि तो इंटरनेटवरून कोणालाही का उघडता आला. पहिला प्रश्न दुसऱ्या पायरीवर सुटतो, दुसरा इथे.

बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड त्याच्या समोरच बदला. बदललेला त्याला सांगू नका. देखभालीला त्याला वेगळं, मर्यादित खातं द्या आणि काम झालं की बंद करा. ॲपचं खातं डीलरच्या ई-मेलवर उघडलेलं असेल तर तुमच्या दुकानाचा खरा मालक, कॅमेऱ्यापुरता तरी, तोच आहे. ते आधी स्वतःच्या नावावर घ्या. बाहेरची एजन्सी किंवा क्लाउड वापरत असाल तर लेखी करार करा, कारण त्यांच्या हातून फुटेज फुटलं तरी कायद्यापुढे जबाबदार तुम्हीच असता. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २०२३ च्या कायद्यातला दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. किराणा दुकानाला कोणी तेवढा लावणार नाही, पण कमाल मर्यादा ती आहे.

आता हार्ड डिस्कचा हिशेब, कारण पाटीवरचे ‘३० दिवस’ खरे ठरायला हवेत. एक एमबीपीएसचा (सेकंदाला एक मेगाबिट) प्रवाह दिवसाला १०.८ जीबी जागा खातो. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ वर (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) साधारण २ एमबीपीएस धरला तर दिवसाला २१.६ जीबी, आठ कॅमेऱ्यांचे सुमारे १७३ जीबी आणि तीस दिवसांचे ५.२ टीबी. पॅकेजमध्ये २ टीबीची डिस्क आली तर रेकॉर्डिंग साडेअकरा दिवसांतच पुसलं जातं. मोठी डिस्क घ्या, कॅमेरे कमी करा किंवा पाटीवर खरा आकडा लिहा.

डीव्हीआर माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या पुढे गेला की त्या माळ्यावर डिस्क तग धरत नाही. कुलपाच्या, हवा खेळती राहील अशा कपाटात ठेवा, यूपीएसवर. आणि घड्याळ! आतला सेल संपला की लाइट गेल्यावर डीव्हीआरची तारीख मागे जाते. चुकीच्या वेळेचं फुटेज चौकशीत तुमचंच वाटोळं करतं. इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय चालू करा आणि दर पहिल्या तारखेला मोबाइलच्या घड्याळाशी ताडून बघा.

६. बघणार कोण

कॅमेरा कुठे आहे यापेक्षा स्क्रीन कोणाच्या हातात आहे, यावर तक्रारी जास्त होतात. दोन माणसं ठरवा, तीनपेक्षा जास्त नकोत. प्रत्येकाचं खातं वेगळं, म्हणजे कोणी कधी बघितलं याची नोंद राहते. घरच्यांना, मेहुण्याला, हिशेबनिसाच्या मुलाला ॲप देऊ नका. महिला कर्मचारी जास्त असतील तर त्या दोघांत एक महिला हवी.

गल्ल्यामागे मोठा टीव्ही लावून सगळे कॅमेरे दिवसभर ग्राहकांसमोर चालवायची आपल्याकडे हौस आहे. तो टीव्ही काढा किंवा त्यावर फक्त दाराचा कॅमेरा ठेवा.

जुनं रेकॉर्डिंग उघडायचं तर रजिस्टरमध्ये नोंद: तारीख, कोणी, कोणत्या वेळेचं, कशासाठी. चार ओळींचं काम आहे. रजिस्टर रिकामं असूनही फुटेजच्या गोष्टी चहाच्या टपरीवर ऐकू येत असतील तर खातं कोणाचं आहे ते तपासा.

सर्वात मोठी चूक व्हॉट्सॲपची. ‘हा बघा चोर’ म्हणून क्लिप व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर जाते आणि दोन दिवसांनी कळतं की ती बाई स्वतःची पिशवी उचलत होती. बदनामीचा दावा मग तुमच्यावर. क्लिप पोलिसांकडे द्या आणि पोच घ्या. ग्रुपवर काहीही नाही.

कॅमेऱ्यावरून हजेरी किंवा ‘किती वेळ जागेवर नव्हता’ हे काढणं सुरू करायचं असेल, तर तो वेगळा हेतू आहे. पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा, चेहरा ओळखणारं मशीन असेल तर नक्कीच. चोरीसाठी लावलेल्या कॅमेऱ्यातून पगार कापायला लागलात, की पाटीवर लिहिलेलं खोटं ठरलं.

७. किती दिवस ठेवायचं, कधी थांबवायचं

साधारण दुकानाला १५ ते ३० दिवस पुरतात. जास्त ठेवलं तर सांभाळायची जबाबदारीही तेवढीच वाढते.

एक अडचण मात्र खरी आहे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, २०१३ प्रमाणे घटनेनंतर तीन महिन्यांपर्यंत तक्रार करता येते आणि त्या कायद्याखालची तक्रार समिती ती मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. तुमचं फुटेज तिसाव्या दिवशी गेलेलं असतं. यावर काही जण सगळंच रेकॉर्डिंग सहा महिने ठेवायला सांगतात. मला ते पटत नाही, कारण एका तक्रारीसाठी शंभर माणसांचं सहा महिन्यांचं चालणं-बसणं साठवून ठेवावं लागतं. त्यापेक्षा नियम करा: कोणी तोंडी जरी काही बोललं, अगदी ‘ताई, मला त्या पाळीत काम नको’ एवढंच म्हटलं आणि कारण संशयास्पद वाटलं, तरी त्याच दिवशी त्या वेळेचं फुटेज वेगळं काढून ठेवा. लेखी तक्रारीची वाट पाहू नका. ती क्लिप समितीच्या अध्यक्षांकडे सीलबंद द्या. या तक्रारींत नाव आणि तपशील गुप्त ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे, म्हणून ती व्यवस्थापकाच्या लॅपटॉपवर नको. अपघात आणि मारामारीलाही हाच नियम.

८. घटना घडल्यावर

आधी डीव्हीआरवर ओव्हरराइट (जुन्यावर नवं रेकॉर्डिंग चढणं) थांबवा किंवा ती क्लिप लॉक करा. मग घटनेच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा-अर्धा तास धरून निर्यात करा. फक्त ‘पकडला’ तो मिनिट कापून घेतलात तर पुढे कोणीही म्हणेल की आधीचं का लपवलं. मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करून ठेवणं हा पुरावा नव्हे.

न्यायालयात पेन ड्राइव्हवरची प्रत चालायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत, एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून निघणारा अंक-अक्षरांचा ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) लिहावी लागते. प्रमाणपत्राशिवाय प्रत चालत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अर्जुन खोतकर प्रकरणात, तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५बी संदर्भात, पक्कं केलं. आपल्याच राज्यातलं जालन्याचं निवडणूक प्रकरण ते, आणि वाद होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाचाच. हॅश निर्यात केल्या दिवशीच काढून रजिस्टरमध्ये लिहा. सहा महिन्यांनी काढलेल्या हॅशवरून मधल्या काळात फाइल बदलली नाही हे सिद्ध होत नाही.

खातेअंतर्गत चौकशीत फुटेज वापरणार असाल तर ते संबंधित कर्मचाऱ्याला दाखवा, प्रत द्या आणि उत्तर द्यायला वेळ द्या. बंद खोलीत स्क्रीन दाखवून त्याच बैठकीत राजीनामा लिहून घेणं हा प्रकार फार चालतो आणि कामगार न्यायालयात फार टिकत नाही. प्रत देताना चित्रातल्या इतर माणसांचे चेहरे धूसर करा.

९. माणूस गेला, मशीन गेलं

स्क्रीन बघण्याची परवानगी असलेला माणूस नोकरी सोडतो त्याच दिवशी त्याचं खातं बंद करा आणि ॲपमध्ये कोणती उपकरणं जोडलेली आहेत ती यादी उघडून बघा. तिथे अनोळखी फोन सापडणं नवीन नाही. वर्षातून एकदा वही घेऊन फिरा. ज्या कॅमेऱ्याचं कारण संपलं तो उतरवा, नुसती वायर काढून खोका तिथेच लटकवत ठेवू नका. बंद कॅमेराही माणसाला चालूच वाटतो.

जुना डीव्हीआर भंगारात किंवा बदल्यात देताना डिस्क आधी काढून घ्या. फॉरमॅट केलेल्या डिस्कवरचंही बरंच काही परत काढता येतं. ती पूर्ण ओव्हरराइट करून पुसा किंवा ड्रिलने आरपार भोक पाडा, आणि रजिस्टरमध्ये तारीख टाकून सही करा.